झुकिनी: फुलं भरपूर, पण फळं दोन इंचांवर पिवळी पडून गळतात

शेवंती | १२ डिसेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. पुण्यात गच्चीवर हिरव्या झुकिनीची ५ रोपं आहेत. सगळी माहिती एकदमच देते, म्हणजे उलट विचारायला नको.

बी पाकिटातलं, संकरित. २५ ऑक्टोबरला थेट कुंडीत टोकलं. कुंड्या १२ इंची, प्लास्टिकच्या, एका कुंडीत एक रोप. निम्मी लाल माती, निम्मं गांडूळखत. ऊन सकाळी ८ ते दुपारी ३. पाणी रोज सकाळी तांब्याभर, म्हणजे साधारण लिटरभर. १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश असलेलं विरघळणारं खत) दर आठवड्याला, लिटरला ५ ग्रॅम. पानं ताटाएवढी झाली आहेत, त्यामुळे रोपं उपाशी नाहीत एवढं नक्की.

नोव्हेंबरच्या शेवटापासून फुलं येताहेत. फुलामागे बोटाएवढी झुकिनीही दिसते, पण दोन इंचांची झाली की टोकाकडून पिवळी पडते, मऊ होते आणि हात लावला की गळते. आतापर्यंत अशी ११ गेली. दुसरं म्हणजे पानांवर पांढरे डाग आलेत. ही भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) का? भुरी असेल तर काय फवारू? आणि दुपारी पानं अगदी मान टाकतात, ते पाण्याअभावी की जास्त पाण्याने?

फोटो चढत नाहीये, क्षमस्व.

रानमेवा | १२ डिसेंबर, रात्री १०:१५

फळगळ म्हणजे बोरॉनची कमतरता. लिटरला १ ग्रॅम बोरॉन आणि सोबत एखादं फूलगळ थांबवणारं टॉनिक मारा. ८ दिवसांत फरक दिसेल.

बांधावरून | १३ डिसेंबर, सकाळी ६:५०

रानमेवा, थांबा जरा. टॉनिक धरलेल्या फळाला, इथे फळ धरलंच नाहीये. दोन इंचांवर टोकाकडून पिवळं पडून मऊ होणं ही परागीभवन न झाल्याची खूण. झुकिनीचं मादी फूल उमलायच्या आधीच त्याच्यामागे छोटं फळ तयार असतं. ते बघून आपल्याला वाटतं फळ लागलं. ती नुसती बीजकोशाची पिशवी असते. पराग मिळाले नाहीत की रोप दोन-चार दिवसांत तिचा पुरवठा तोडतं.

शेवंती, उद्या सकाळी ७ ते ९ या वेळात कुंड्यांपाशी जा. फूल पहाटेपासून उमलायला लागतं आणि १०-११ वाजता मिटतं ते कायमचं. दुसऱ्या दिवशी तेच फूल परत उघडत नाही. म्हणजे एका मादी फुलाला आयुष्यात मिळतात तीन-चार तास. तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरच्या गच्चीवर, तेही थंडीत, मधमाश्या त्या वेळात येतीलच असं नाही. म्हणून हातानेच करायचं.

नर फूल लांब, बारीक, सरळ देठावर असतं आणि आत मधोमध एकच पिवळा दांडा. त्यावर बोट टेकवलं की हळदीसारखी पूड लागते. मादी फुलाचा देठ आखूड, मागे छोटी झुकिनी, आत मधोमध तीन-चार फुगीर, चिकट पाकळ्यांसारखी कुक्षी. नर फूल देठासकट तोडा, त्याच्या पिवळ्या पाकळ्या सोलून टाका, उरलेला दांडा ब्रशसारखा धरून कुक्षीच्या प्रत्येक भागावर हलकेच फिरवा. तिन्ही-चारही भागांवर पूड दिसली पाहिजे. एकाच बाजूला लागली तर फळ वाकडं होतं, किंवा देठाकडे जाड आणि टोकाकडे उंदराच्या शेपटीसारखं. एका नर फुलात दोन मादी फुलं होतात. रंगाचा ब्रश चालतो, पण पराग ब्रशच्या केसांतच अडकून राहतात, त्यापेक्षा फुलाचा दांडा बरा.

आधी एक मोजा: रोज सकाळी किती नर आणि किती मादी उमललेली असतात?

कुंडीभर | १३ डिसेंबर, सकाळी ८:३०

बांधावरून यांना अनुमोदन. पण कुंडीचाही प्रश्न आहे, आणि दुपारी मान टाकण्याचं उत्तर तिथेच आहे.

१२ इंची कुंडीत जेमतेम २० लिटर माती मावते. झुकिनीला ३५-४० लिटर लागते, म्हणजे १५ बाय १५ इंची ग्रो बॅग. ताटाएवढी १५-१६ पानं एका रोपावर, म्हणजे बाष्पीभवन किती होत असेल बघा, आणि तुम्ही देता लिटरभर. डिसेंबरच्या उन्हातही अशा रोपाला रोज २ ते ३ लिटर हवं. फेब्रुवारीत ४-५, तेही सकाळ-संध्याकाळ वाटून. एकदम ओतलं तर वरची माती ओली होऊन बाकीचं कडेने खाली वाहून जातं. अर्धं ओता, १० मिनिटं थांबा, मग उरलेलं. वर दोन इंच वाळक्या पानांचं किंवा उसाच्या पाचटाचं आच्छादन घाला.

दुपारी पानं लोंबणं हा एरवी रोगच असतो असं नाही. मोठ्या पानाच्या या जातीचा तो स्वभाव आहे. संध्याकाळी ५ ला पानं परत ताठ झाली तर चिंता नको. सकाळी ७ लाही लोंबलेली असतील तर बोट दोन इंच मातीत घालून बघा. कोरडं असेल तर पाणी कमी पडतंय. माती ओली असून पानं लोंबत असतील तर मूळ किंवा बुंधा सडतोय, आणि पाणी वाढवलंत तर रोप दोन दिवसांत आडवं होईल.

१९:१९:१९ लिटरला ५ ग्रॅम दर आठवड्याला हे जास्त आहे. वाढीच्या काळात २ ग्रॅम पुरे. त्यातल्या नत्रानेच पानं ताटाएवढी झालीत. आता ते बंद करून १३:०:४५ (पालाश जास्त असलेलं खत) लिटरला २ ग्रॅम, १५ दिवसांतून एकदा, ओल्या मातीत द्या.

५० दिवसांचं रोप मोठ्या कुंडीत हलवायला मात्र जाऊ नका. भोपळावर्गातल्या मुळांना धक्का सोसत नाही. आहेत त्यांना पाणी वाढवून चालवा आणि दोन नव्या बॅगा भरून आजच बी लावा, पुण्यात अजून वेळ गेलेली नाही. ४० लिटरला साधारण १६ लिटर माती, १४ लिटर चांगलं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट, १० लिटर भिजवून पिळलेलं कोकोपीट आणि १०० ग्रॅम निंबोळी पेंड. निम्मं गांडूळखत नको, त्याने माती बसते आणि मुळांना हवा मिळत नाही. बी आडव्या कडेवर, २ सेंमी खोल, एका बॅगेत दोन. उगवल्यावर कमजोर रोप उपटू नका, कात्रीने कापा. उपटलं की शेजारच्याची मुळं हलतात.

हो, ओली भरलेली अशी बॅग ४० किलोच्या घरात जाते. गच्चीच्या मधोमध रांग लावण्यापेक्षा भिंतीच्या कडेने किंवा खाली तुळई (बीम) असेल तिथे ठेवा.

शेवंती | १४ डिसेंबर, सकाळी ९:०५

आज ७:१५ ला वर गेले. पाच रोपांत मिळून ३ मादी फुलं उमललेली, नर एकच! तेही दुसऱ्या टोकाच्या कुंडीत. त्या एकाने दोन मादींना पूड लावली, तिसरी तशीच राहिली. वाचलं होतं की आधी नर फुलं भरपूर येतात, इथे उलटंच. खाली सोसायटीच्या बागेत लाल भोपळ्याचा वेल आहे, त्याचं नर फूल चालेल का?

बांधावरून | १४ डिसेंबर, सकाळी ११:२०

उलटं नाही, थंडीमुळे तसं होतं. दिवस लहान आणि रात्र गार असली की मादी फुलं वाढतात. दिवस मोठा आणि ऊन कडक झालं की नर वाढतात. म्हणून मार्चनंतर लोक लिहितात, "नुसती नर फुलं येतात, फळ नाही". दोन्ही वेळा रोप निरोगीच असतं.

लाल भोपळ्याचं फूल भरवशाचं नाही. आपल्याकडचा लाल भोपळा, डांगर म्हणतात तो, बहुतेक ठिकाणी कुकुर्बिटा मोशाटा या जातीचा आहे आणि झुकिनी कुकुर्बिटा पेपो. चुलत भावंडं. क्वचित फळ धरतं, बहुतेकदा गळतं. झुकिनीचं झुकिनीलाच लावा.

नर फूल पुरवून वापरायची युक्ती आहे. उद्या उमलणारी कळी आज संध्याकाळी ओळखू येते: हिरवी न राहता टोकाला पिवळी-नारिंगी होते आणि पीळ सैल पडतो. आज नर कळ्या दोन असतील आणि मादी कळी एकही नसेल, तर त्या लांब देठासकट कापून पाण्याच्या पेल्यात ठेवून फ्रीजच्या दारात ठेवा. एखादा दिवस पराग कामाचे राहतात. उमललेलं नर फूल दुपारी काढून दुसऱ्या दिवशी वापरण्यात अर्थ नाही.

शिवाय पाचही रोपं एकाच दिवशी लावल्याने सगळ्यांची लहर एकदम येते. कुंडीभर म्हणतात तशा नव्या बॅगा १५ दिवसांच्या अंतराने लावल्यात तर नर-मादीचा मेळ जास्त दिवस बसेल.

थेम्सकाठ | १४ डिसेंबर, दुपारी ४:१०

इथे इंग्लंडात हाच प्रकार जूनमध्ये होतो. इथली मंडळी झुकिनीला कोर्जेट म्हणतात, भाजी तीच. एप्रिलच्या मध्यापासून मे पर्यंत खिडकीत बी लावायचं, गोठवणाऱ्या रात्री संपल्या की मेअखेर किंवा जूनच्या सुरुवातीला बाहेर. मग गार, ढगाळ आठवडा आला की पहिली चार-पाच मादी फुलं नराविना वाया जातात. त्यासाठी परागाशिवाय फळ धरणारे वाण मिळतात, 'पार्थेनॉन' त्यातला एक. मधमाश्या येत नाहीत अशा गच्चीसाठी तसं बी कुठे मिळालं तर बघा. बाकी इथला मुख्य शत्रू गोगलगायी. एका रात्रीत दोन पानांचं रोप देठासकट साफ, सकाळी मातीवर नुसती चकाकणारी रेघ.

भारतातले वाण कोणते म्हणायचे?

कुंडीभर | १४ डिसेंबर, सायंकाळी ६:००

सरकारी वाणांत 'पुसा अलंकार' हे संकरित, 'ऑस्ट्रेलियन ग्रीन' आणि लुधियानाचं 'पंजाब चप्पन कद्दू १'. उत्तरेत या भाजीला चप्पन कद्दूच म्हणतात, त्या नावाने विचारलं तर बी स्वस्तात मिळतं. शहरातल्या रोपवाटिकांत मात्र बहुधा 'ब्लॅक ब्युटी' किंवा खासगी कंपन्यांची संकरित पाकिटं.

ओवा_पुदिना | १४ डिसेंबर, रात्री ८:२५

पांढऱ्या डागांबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून मी लिहिते.

आधी डागावर अंगठा घासा. पांढरी पूड अंगठ्याला लागली तर भुरी. काहीच लागलं नाही आणि डाग शिरांच्या बेचक्यांत, मधल्या शिरेच्या डाव्या-उजव्या बाजूंना सारखे, चंदेरी असतील तर तो वाणाचा जन्मजात रंग. खूप जणं या चंदेरी नक्षीवर महिनाभर औषध मारत बसतात. तिसरी शक्यता: नवीन पानांच्या शिराच चंदेरी होत जाऊन सगळं पान चांदीच्या वर्खासारखं दिसणं. ते पांढऱ्या माशीची पिल्लं रस शोषतात त्याने होतं. पान उलटून बघा, फांदी हलवली की पांढरे चिलटासारखे जीव उडतील.

भुरी असेल तर ती खालच्या जुन्या पानांवर गोल ठिपक्यांनी सुरू होते. तिला पान ओलं लागत नाही. दिवस कोरडा आणि रात्री हवा दमट, म्हणजे नेमका आपला डिसेंबर-जानेवारी. सर्वांत खराब तीन-चार पानं बुंध्यालगत कापा, दोन बोटांएवढाही दांडा मागे ठेवू नका, कारण पोकळ दांड्यात पाणी साचून कूज आत शिरते. कापणी सकाळी करा, म्हणजे जखम दिवसभरात सुकते. हातमोजे घाला, दांड्यांची लव टोचून खाज सुटते.

मग पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक, लिटरला २ ग्रॅम, संध्याकाळी, पानाच्या दोन्ही बाजूंनी. ८-१० दिवसांनी पुन्हा. पारा ३२ च्या वर जाणार असेल तर गंधक नको, भोपळावर्गाची पानं करपतात. निंबोळी तेल फवारलं असेल तर दोन-तीन आठवडे गंधक मारू नका, तेल आणि गंधक मिळूनही पान जळतं. औषध नकोच असेल तर एक भाग दूध, नऊ भाग पाणी, सकाळच्या उन्हात, आठवड्यातून एकदा. सुरुवातीच्या भुरीवर काम करतं. निम्मं पान पांढरं झाल्यावर दुधाने काही होत नाही, दूध चहाला ठेवा.

पांढरी माशी निघाली तर पिवळे चिकट सापळे रोपाच्या शेंड्याच्या उंचीवर, आणि निंबोळी तेल लिटरला ५ मिली, त्यात साबणाचे दोन-तीन थेंब. एखाद्या रोपाची नवी पानं आखडून, फोडाफोडांची, पिवळ्या-हिरव्या चट्ट्यांची आली तर तो विषाणू, माव्यामुळे पसरतो. त्यावर औषध नाही. ते रोप पिशवीत बांधून बाहेर टाका, कात्री साबणाने धुवा.

शेवंती | १५ डिसेंबर, सकाळी ८:४०

अंगठा घासला. चार खालच्या पानांवर पूड आहे, वरच्या पानांवर नुसती चंदेरी नक्षी! म्हणजे दोन्ही. पानं कापली, आज संध्याकाळी गंधक.

अजून एक. काल लक्षात आलं की गळलेल्यांपैकी दोन फळं वेगळी होती. एक चांगलं चार इंचांचं होऊन टोकाला काळपट, खोलगट, कोरडं. दुसऱ्यावर सुई टोचल्यासारखं भोक आणि डिंकाचा थेंब.

बांधावरून | १५ डिसेंबर, सकाळी १०:००

चार इंच, खोलगट काळं टोक म्हणजे कॅल्शियम टोकापर्यंत पोचलं नाही. मातीत नसतं म्हणून नव्हे, पाणी कमी-जास्त होत राहिलं म्हणून, कारण ते पाण्याबरोबरच वर चढतं. रोजचं पाणी सारखं ठेवलंत की बहुधा आपोआप थांबेल. अंड्याची टरफलं टाकून या हंगामात काही मिळणार नाही, ती कुजायला फार वेळ लागतो. फारच झालं तर कॅल्शियम नायट्रेट लिटरला २ ग्रॅम, पण स्फुरदाच्या खतात मिसळू नका, साका होऊन खाली बसतं.

टोकाला ओली कूज आणि त्यावर टाचण्यांच्या काळ्या डोक्यांसारखी बुरशी उभी असेल तर ते तिसरंच. मिटलेलं फूल टोकाला चिकटून सडतं आणि बुरशी फळात उतरते. फळ धरल्यावर दोन दिवसांनी ते वाळकं फूल हलकेच पिळून काढून टाका.

डिंकाचा थेंब म्हणजे फळमाशी. आत अंडी आहेत. ते फळ कंपोस्टमध्ये अजिबात नको. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर उन्हात ठेवा. गच्चीला क्यू ल्यूरचा एक सापळा पुरतो, पण तो फक्त नर माश्या ओढतो, मादी तशीच टोचत राहते. म्हणून पराग लावून झाले की दुसऱ्या दिवशी, फूल मिटल्यावर, फळावर कागदी पिशवी किंवा जुन्या ओढणीचा तुकडा सैल बांधा.

नव्या बॅगांतल्या रोपांवर दोन पानांच्या अवस्थेत नारिंगी भुंगेरे येतील, पानांना भोकं पाडतात. तेव्हा मच्छरदाणीचं कापड घाला. पहिलं मादी फूल आलं की कापड काढायचं. ते विसरलं की मधमाशी कापडावर घिरट्या घालत बसते.

रानमेवा | १५ डिसेंबर, दुपारी १:३०

बोरॉनचं म्हणणं मागे घेतो. 🙂 एक विचारतो: याच फळाचं बी पुढच्या वर्षाला धरता येईल?

ओवा_पुदिना | १५ डिसेंबर, दुपारी ३:१५

संकरित असल्याने पुढची पिढी आईबापांसारखी निघणार नाही, हे एक. दुसरं जास्त महत्त्वाचं. शेजारी शोभेचे भोपळे कोणी लावले असतील तर तेही बहुधा पेपो जातीचे, संकर होतो. या वर्षीच्या फळात काही कळत नाही, पण त्याच्या बियांपासून आलेली फळं कडू निघू शकतात. हा कडूपणा कुकुर्बिटासिनचा, शिजवून जात नाही. जर्मनीत २०१५ साली घरच्या बागेतली कडू झुकिनी खाऊन एका वयस्कर गृहस्थांचा मृत्यू झाला होता. कडू दुधीचा रस जसा टाकून देतो, तसंच इथे. घरच्या बियांची झुकिनी असेल तर चिरताना कच्चा तुकडा जिभेला लावून थुंका. कडू लागला तर फळही टाका आणि रोपही. कारल्याची सवय आहे म्हणून चालवून घेऊ नका.

शेवंती | २१ डिसेंबर, सकाळी ८:१०

१४ तारखेला पराग लावलेल्या दोन्ही झुकिनी टिकल्या! एक पाच इंच, दुसरी साडेसहा. देठ चांगला जाड झालाय. तिसरी, जिला पूड मिळाली नव्हती, ती पिवळी पडून गेली. आज ४ नर फुलं आहेत. या दोन अजून मोठ्या होऊ द्याव्यात का?

कुंडीभर | २१ डिसेंबर, सकाळी ९:०० 

साडेसहा इंची आज काढा, पाच इंची परवा. ६ ते ८ इंच, २०० ग्रॅमच्या आसपास, साल नखाने सहज टोचते तोवरच. फळ रोपावर ठेवून फूटभर केलंत तर आत बी जून होतं, गर कापसासारखा होतो, आणि मुख्य म्हणजे रोपाला वाटतं काम झालं, मग नवी मादी फुलं थांबतात. पिळून तोडू नका, बुंधा उकलतो. धारदार सुरीने देठ इंचभर फळाला ठेवून कापा. आणि ४ नर फुलांपैकी दोन परागाला वापरा. उरलेल्या दोनांचे मधले दांडे काढून बेसनात बुडवा, आपल्या भोपळ्याच्या फुलांसारखीच भजी होतात.